आधीं रेघ, मग अक्षर

लिपीच्या इतिहासावर लिहिणारे पंडित अक्षरांच्या वळणांचा मोठ्या आस्थेनें विचार करितात. परंतु अक्षर ज्या रेघेच्या आधारानें कागदावर उभें राहतें किंवा लोंबतें, त्या रेघेचा विचार क्वचितच कोणी करितो. रेघ हा कागदाचाच एक भाग आहे, तिला स्वतःचा असा इतिहास नाहीं, असा आपला समज असतो. मुलाच्या हातीं दुरेघी वही देतांना त्या रेघा कशा व कशासाठीं आंखल्या, हा प्रश्न बापाच्या मनांत येत नाहीं. मराठी माणसाच्या मनांत तरी तो यावयास हवा होता. कारण राजाच्या आज्ञापत्रापासून सावकाराच्या खतापर्यंत आपला सारा व्यवहार कित्येक शतकें ज्या मोडी लिपींत चालला, त्या लिपीचा पहिला संस्कार रेघ ओढणें हाच होता. बालबोधींत अक्षर आधीं काढतात आणि त्याच्या माथ्यावर रेघ मागून देतात. मोडींत रेघ आधीं आणि अक्षर मागून.

हा फरक वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. तो तसा नाहीं, आणि आज संगणकावर जुने मोडी कागद नव्यानें मांडण्याचें काम सुरू झालें असतां तर तो मुळींच क्षुल्लक उरलेला नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं उदाहरण म्हणून पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हे हा मुलूख घेतला आहे. आणि ही निवड सहज केलेली नव्हे.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांचीं खोरीं म्हणजे मराठी राज्याचें पाळण्यांतलें घर. राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड वेल्हे तालुक्यांत आहेत. या तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्यशासनानें २०२४ सालीं घेतला. रोहिडा भोर तालुक्यांत आहे. कारीचे जेधे, हिरडस मावळांतील बांदल, गुंजण मावळांतील शिळीमकर अशीं देशमुख घराणीं याच खोऱ्यांतलीं. देशमुखी म्हटली म्हणजे वतन आलें, वतन म्हटलें म्हणजे तंटा आला, आणि तंटा म्हटला म्हणजे कागद आला. त्यामुळें या डोंगराळ व तेव्हां विरळ वस्तीच्या मुलखांत कागदांचा मात्र तोटा नव्हता.

याहून महत्त्वाचें कारण दुसरें आहे. ज्या घराण्यानें भोरास राज्य केलें, त्याचें मूळ पदच कागदाशीं निगडित होतें. १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हां अष्टप्रधानांत अण्णाजी दत्तो हे सचिव होते. या पदाचें पूर्वीचें फारसी नांव सुरनीस. सरकारांतून निघणाऱ्या पत्रांचा मजकूर तपासावयाचा, अधिक-उणें अक्षर शुद्ध करावयाचें, आणि मगच पत्रावर आपली संमतीची खूण करावयाची, हें सुरनिसाचें काम. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत शंकराजी नारायण यांस हें पद मिळालें. ते १७०७ सालीं निवर्तले. परंतु पद त्यांच्या घराण्यांत राहिलें, आणि पंतसचिवांचें भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. अक्षर तपासणें हीच ज्यांची मूळ सेवा, त्यांच्या नांवानें एक संस्थान अडीचशें वर्षांच्या आसपास नांदावें, ही गोष्ट हिंदुस्थानच्या संस्थानी इतिहासांत विरळाच म्हटली पाहिजे.

आतां हा कागद लिहिला कसा जाई तें पाहूं. कारकून बैठकीवर बसे. पुढें हातकागद असे. दौलताबादी आणि जुन्नरी कागद त्या काळीं नांवाजलेले होते. या कागदावर कारखान्यांतून आंखून आलेली रेघ नसे. डाव्या हातास समास सोडून कारकून बोरूनें कागदाच्या उजव्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढी. मग त्या रेघेखालीं तो अक्षरें लिहीत जाई. मोडीचें वळण असें आहे कीं एका अक्षराचा शेवटचा फांटा वर वळून रेघेस जाऊन भिडतो आणि तेथूनच पुढील अक्षर उतरतें. त्यामुळें बोरू शक्य तों न उचलतां लेखन चालूं शकतें. बालबोधींत प्रत्येक अक्षरास निराळा दंड, निराळी मात्रा आणि वर निराळी शिरोरेषा द्यावी लागते; मोडींत शिरोरेषेचें काम ओळीपुरतें एकदांच उरकून घेतलेलें असतें. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, विरामचिह्नें नाहींत, दोन शब्दांमध्यें मोकळी जागा नाहीं. ओळ संपली कीं शब्द जेथें असेल तेथें तुटे आणि उरलेला भाग पुढील रेघेखालीं जाई. यादवांचा मंत्री हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत यानें ही लिपि आणली, ही कथा सर्वश्रुत आहे; ती खरी असो वा नसो, ही युक्ति दफ्तरांत दिवसभर लिहिणाऱ्या माणसाच्या हातांतून निघाली आहे, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

याच काळीं पोथ्या लिहिणारे लोकही होते आणि त्यांनाही रेघ लागत असे. परंतु त्यांची रेघ निराळ्या प्रकारची. लांकडी पाटीवर समान अंतरावर दोरे ताणून बांधीत, वर कागद ठेवीत आणि बोटानें दाबीत. म्हणजे कागदावर दोऱ्यांचे वळ उमटत. मुसलमानी मुलखांतील लेखकांतही हीच रीत होती. दोरे ओंवलेल्या त्या पुठ्ठ्यास ते मिस्तर म्हणत. युरोपांतील मठांत चर्मपत्राच्या कडेस टोंचे पाडून, बोथट टोंकानें अथवा शिशानें रेघा आंखीत. या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. रेघ ही लेखकाच्या सोयीसाठीं होती. वाचकाच्या डोळ्यांत ती जितकी कमी भरेल तितकें बरें. मोडीची रेघ याच्या उलट आहे. ती शाईची आहे, अक्षराच्याच काळेपणाची आहे, आणि ती पुसली तर अक्षरही अपुरें राहतें. पोथीची रेघ घर बांधतांना उभारलेल्या परांचीसारखी असते. काम झालें कीं तिचें प्रयोजन संपतें. मोडीची रेघ घराच्या आढ्यासारखी आहे. तिच्यावरच सारें छप्पर टांगलेलें असतें.

या रेघेनें दफ्तरास तीन गोष्टी दिल्या. पहिली वेग, तिचा उल्लेख वर झालाच. दुसरी सरळपणा. वेगानें लिहिणाऱ्याचा हात खालीं उतरतो किंवा वर चढतो, हा सर्वांचा अनुभव आहे; रेघ आधींच ओढलेली असली म्हणजे हाताला शिस्त राहते, आणि एका पानावर किती ओळी बसतील याचाही अंदाज येतो. तिसरी गोष्ट पुराव्याची आहे. रेघ समासापासून उजव्या कडेपर्यंत अखंड गेलेली आणि तिच्याखालीं अक्षरें एकमेकांस लागून बसलेलीं, अशा ओळींत मागाहून एखादा शब्द घुसडावयाचा म्हटला तर त्यास जागाच नसते. दोन ओळींच्या मध्यें तो घातला तर त्यास रेघ नसते, आणि नवी रेघ ओढली तर ती जुन्या रेघांच्या अंतराशीं जुळत नाहीं. पाहणाऱ्याची नजर तेथें अडखळतेच. रेघ आंखतांना कारकुनाच्या मनांत हा हेतु असे असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु परिणाम मात्र हा होता.

अर्थात् दफ्तराची भिस्त एकट्या रेघेवर नव्हती. कागद लांब झाला कीं एका तुकड्यास दुसरा चिकटवून बंद करीत, आणि ते तुकडे बदलतां येऊं नयेत म्हणून सांध्यावर शिक्का उमटवीत. पत्राच्या शेवटीं ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशा दफ्तरी खुणा होत, आणि सर्वांत अखेरीस मर्यादेचा शिक्का बसे. या शिक्क्याचें नांवच बोलकें आहे. पत्राची मर्यादा येथें संपली, याच्या खालीं जें कांहीं लिहिलेलें आढळेल तें आमचें नव्हे, असें तो शिक्का सांगतो. म्हणजे ओळीची सीमा रेघेनें राखिली, जोडाची सीमा सांध्यावरील शिक्क्यानें आणि साऱ्या पत्राची सीमा मर्यादेच्या शिक्क्यानें. या व्यवस्थेवर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस म्हणजे सुरनीस.

तरीही एका गोष्टीपुढें रेघ हतबल होती. जागा न वाढवितां एका अक्षराचें दुसरें अक्षर केलें, तर ती काय करणार? ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याविषयीं ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका घरोघर सांगितली जाते. मूळ पत्रांत धरण्याची आज्ञा होती, एक अक्षर बदलून ती मारण्याची करण्यांत आली, असें ती आख्यायिका म्हणते. तिला इतिहासाचा आधार कितपत आहे हा प्रश्न बाजूस ठेवूं. ती लोकांस इतकी पटली व म्हणीसारखी त्यांच्या तोंडीं बसली, यावरून एवढें खचित दिसतें कीं कागदावरील एका अक्षरावर माणसाचा जीव अवलंबून असूं शकतो, ही जाणीव आपल्या समाजांत खोल रुजलेली होती. अक्षर तपासणाऱ्या पदास अष्टप्रधानांत स्थान कां मिळालें, याचेंही उत्तर त्यांतच आहे.

यानंतर छापखाना आला, आणि रेघेचें सारें चरित्र पालटलें. श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण देवनागरी टाइपांत छापलें. त्याचा कोश १८१० सालीं मोडी टाइपांत निघाला. परंतु मोडी टाइपाचा वंश फारसा वाढला नाहीं. शिळाछापावर मोडी पुस्तकें निघत राहिलीं. शिळेवर हातानें लिहिलेलें अक्षर जसेंच्या तसें उमटत असल्यामुळें तेथें रेघ अखंड ठेवतां येत असे. शिशाच्या खिळ्यांचा मार्ग मात्र बालबोधीकडेच गेला, आणि निर्णयसागरासारख्या छापखान्यांनीं त्या अक्षरास असें सौंदर्य दिलें कीं मोडी हळूहळू दफ्तरांतूनही मागें पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतूनही गेली.

खिळा म्हणजे काय? एका अक्षराचा धातूचा ठोकळा. त्याच्या माथ्यावर शिरोरेषेचा तेवढ्याच रुंदीचा तुकडा असतो. खिळे शेजारीं शेजारीं जुळविले कीं ते तुकडे एकमेकांस भिडतात आणि रेघ सलग दिसते. ‘दिसते’ हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. टाइप झिजला किंवा जुळणी सैल राहिली कीं प्रत्येक दोन अक्षरांमध्यें केंसाएवढी फट पडे; जुनीं पुस्तकें भिंगाखालीं धरलीं तर ती ठिकठिकाणीं आढळते. शब्द संपला कीं रेघ तुटे. मोडींत अक्षर रेघेचें आश्रित होतें. छापील बालबोधींत रेघ अक्षराची आश्रित झाली. जी ओळीची होती ती शब्दाची झाली, आणि शब्दाचीही नव्हे, खरें पाहतां तुकड्यातुकड्यानें अक्षराची झाली.

पुस्तकें वाचणाऱ्यास यानें कांहीं नुकसान झालें नाहीं; उलट शब्द सुटे दिसूं लागल्यानें वाचन सुलभ झालें. नुकसान झालें तें जुन्या कागदांचें, आणि तें फार सावकाश ध्यानांत आलें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यास स्थापन झालें. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. या थोर उद्योगावांचून आपणांस आपला इतिहास आजच्याइतका कळला नसता, हें निर्विवाद आहे. परंतु या सर्व ग्रंथांत मोडी कागद बालबोधींत उतरला. मजकूर आला; रेघ, रेघांचें अंतर, हाताचें वळण, शाईची छटा आणि सांधा हीं मागें राहिलीं. मोडींतील दोन संभाव्य वाचनांपैकीं संपादकानें एक निवडलें आणि छापील अक्षराच्या ठामपणानें तें कायम झालें.

याचा परिणाम काय होतो हें भोरच्याच खोऱ्यांतील दोन उदाहरणांवरून पाहूं. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंत, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७ या काळांतील घटना तींत मितीवार टिपलेल्या आहेत. लोकमान्य टिळकांच्या हातीं ती आली आणि १९१६ सालीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तांत त्यांनीं ती प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला, अशी नोंद तींत आहे. त्यापूर्वीं १६२७ सालची मिति प्रचारांत होती. पुढें इतर साधनांचाही पाठिंबा या नोंदीस मिळाला, आणि अनेक वर्षांच्या वादानंतर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली. साऱ्या महाराष्ट्राचा उत्सव ज्या दिवशीं होतो, तो दिवस ठरविण्यांत मावळांतील एका घराच्या कागदावरील एका ओळीचा एवढा मोठा वांटा आहे.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभूंच्या नांवचें १६४५ सालचें म्हणून एक पत्र राजवाड्यांनीं छापलें. रोहिडेश्वराची साक्ष व हिंदवी स्वराज्याचा उल्लेख असलेलें तें पत्र शाळकरी मुलांसही ऐकून ठाऊक आहे. परंतु त्याच्या अस्सलपणाविषयीं अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. पत्राचा मजकूर कितीही वेळां छापला तरी हा वाद त्यानें मिटणारा नव्हे. छापील पानावर अस्सल पत्र आणि बनावट पत्र एकाच खिळ्यांनीं, एकाच शाईनें, सारख्याच डौलानें उभें राहतें. वळण कोणत्या काळचें, ओळींचें अंतर कसें, मर्यादेचा शिक्का कोठें, हे प्रश्न विचारावयास कागदच समोर असावा लागतो. आपण मजकूर वांचविला, आणि त्याची साक्ष देणारे साक्षीदार मात्र बाहेर उभे ठेवले.

येथें कोणी म्हणेल कीं राजवाड्यांच्या काळीं दुसरें काय शक्य होतें? हें म्हणणें बरोबर आहे. प्रत्येक कागदाचा ठसा छापणें त्यांस परवडणारें नव्हतें, आणि मोडी छापली असती तर ती वाचणारा वाचक दिवसेंदिवस दुर्मिळच होत गेला असता. त्यांनीं हातीं असलेल्या साधनांतून योग्य तीच निवड केली. प्रश्न त्यांचा नाहीं. ज्यांच्या हातीं आज अधिक साधनें आहेत त्यांचा आहे.

दरम्यान रेघेचा एक प्रवास निराळ्याच दिशेनें झाला. वह्या बांधण्याच्या कारखान्यांत रेघा आंखण्याचें यंत्र आलें. फिरत्या पट्ट्यावरून कोरा कागद पुढें सरकतो, वर पितळी टांकांची रांग असते, लोंकरीच्या कापडांतून त्यांस शाई मिळत राहते, आणि कागद खालून जातांच सगळ्या रेघा एकदम उमटतात. कारकून रोज जें शेंकडों वेळां हातानें करी तें काम यंत्राकडे गेलें. दुरेघी, चौरेघी, खतावणीची, गणिताची, अशी प्रत्येक व्यवहाराची रेघ निराळी झाली. या वह्यांत आपलें मूल एकाच दिवशीं दोन रिवाज शिकतें. मराठी लिहितांना तें रेघेस अक्षर टांगतें. इंग्रजी लिहितांना तें रेघेवर अक्षर उभें करितें. हा भेद ज्यास नीट समजला, त्यास संगणकावरील अडचणही लवकर समजेल.

ती अडचण अशी. संगणकावर पान जुळवितांना मजकुराच्या मागें आंखीव रेघा हव्या असतील, तर त्या दोन प्रकारांनीं काढतां येतात. पहिल्या प्रकारांत पानाची पार्श्वभूमि म्हणून ठराविक अंतरावर रेघा आधीं काढून ठेवावयाच्या आणि त्यांवर मजकूर बसवावयाचा. दुसऱ्या प्रकारांत मजकुराची ओळ तयार होईल तसतशी तिच्याबरोबर तिची रेघ काढावयाची. पहिला प्रकार दिसावयास सोपा. परंतु त्यांत मजकूर आणि रेघ यांचा एकमेकांशीं कांहींच संबंध नसतो. समजा, रेघा २० पॉइंटांच्या अंतरावर आहेत. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. मजकुराच्या ओळीही २० पॉइंटांच्या आहेत. सर्व ठीक चालतें. इतक्यांत एक मथळा येतो आणि तो २७ पॉइंट जागा घेतो. त्या क्षणापासून पान संपेपर्यंत प्रत्येक ओळ आपल्या रेघेपासून ७ पॉइंट सरकलेली राहते. एखाद्या ओळींत वेलांटी, रफार व अनुस्वार एकावर एक चढले आणि यंत्रानें त्यांस जागा देण्यासाठीं ओळ किंचित् खालीं ढकलली, तरी हाच घोटाळा होतो. उपाय एकच. ओळीची उंची सर्वत्र ठाम ठेवावयाची, आणि मथळा, चित्र किंवा मोकळी जागा जें कांहीं येईल त्यास २० च्या पटींतच जागा द्यावयाची. २७ लागत असतील तर ४० द्यावयाचे. थोडक्यांत, आंखलेल्या रेघेचा मान मजकुरानें राखावयाचा. मोडीच्या कारकुनानें हेंच केलें होतें.

दुसऱ्या प्रकारांत रेघ मजकुराबरोबर चालते म्हणून ती सरकत नाहीं. परंतु परिच्छेदाची शेवटची ओळ अर्ध्यावर संपली कीं रेघही तेथेंच थांबते, आणि पानाचा उरलेला भाग बोडका राहतो. तेथें रेघ कडेपर्यंत न्यावयाची असेल तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. शिवाय रेघ आधीं रंगवावयाची आणि अक्षर तिच्यावर, हा क्रम चुकला तर रेघ अक्षरांवरून जाऊन तीं खोडल्यासारखीं दिसतात.

मराठीसाठीं आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाश्चात्य जुळणींतील माप अक्षरें ज्या तळरेषेवर उभीं राहतात तिच्यापासून घेतलेलें असतें. ती रेघ जशीच्या तशी मराठी पानावर काढली तर ती अक्षरांच्या पायाखालीं येते. आपणांस ती माथ्यावर हवी. म्हणून त्या अक्षरसंचांत शिरोरेषा तळापासून किती उंचीवर आहे हें पाहून तेवढी रेघ वर उचलावी लागते. तिची जाडीही शिरोरेषेच्या जाडीइतकीच असावी लागते. नाहींतर एकीवर एक अशा दोन रेघा दिसून डोळा शिणतो.

मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें, म्हणजे तिच्या प्रत्येक अक्षरास जगभर मान्य असा क्रमांक मिळाला. हें फार मोठें काम झालें. परंतु क्रमांक मिळतो तो अक्षरास. ओळीच्या रेघेस क्रमांक नाहीं. संगणकाच्या हिशेबानें रेघ ही मजकुराचा भाग नसून मांडणीचा भाग आहे. म्हणून मोडी पान संगणकावर टाइपानें जुळविलें तर रेघ पुन्हां अक्षराच्या माथ्यावरील तुकडाच होऊन बसते, आणि कोठें मोकळी जागा पडली कीं तुटते. अखंड रेघ हवी असेल तर ती वर सांगितलेल्या रीतीनें पानावर निराळी आंखावी लागते. ही विटंबना नव्हे. उलट जुन्या रीतीकडे परत जाणेंच आहे. आधीं पान आंखा, मग त्यावर लिहा.

यंत्राकडून जुने कागद वाचवून घेण्याचे प्रयत्न आतां चालू आहेत. २०२५ सालीं रुरकीच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या संशोधकांनीं दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमा व त्यांचीं देवनागरी लिप्यंतरें यांचा संग्रह सिद्ध केला. अशा यंत्रांपुढें रेघ हीच मोठी अडचण म्हणून उभी राहते. देवनागरी छापील मजकूर वाचणाऱ्या यंत्रांत शिरोरेषा शोधून ती आधीं पुसावयाची, म्हणजे अक्षरें सुटीं होतात, ही जुनी युक्ति आहे. मोडींत ती सहज लागू पडत नाहीं. कारण रेघ पुसली तरी अक्षरें खालून एकमेकांत गुंतलेलींच असतात. परंतु हीच रेघ ओळ कोठें सुरू होते, पान किती तिरकें धरलें गेलें, कागद कोठें दुमडला, हें यंत्रास दाखवूनही देते. अडथळा आणि वाटाड्या, दोन्ही तीच.

हा सर्व विचार केवळ पंडितांच्या कुतूहलाचा आहे असें कोणास वाटूं नये. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्यशासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जुन्या दफ्तरांतील कित्येक नोंदी मोडींत असल्याचें दिसून आलें आणि मोडी वाचणारांचा शोध सुरू झाला. त्या राजकीय प्रश्नांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंतु एखाद्या कुटुंबाचा हक्क, त्याच्या मुलांचें शिक्षण व नोकरी, हीं शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं कोण्या कारकुनानें ओढलेल्या एका रेघेखालच्या चार अक्षरांवर ठरूं शकतात, हें त्या वर्षीं साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. अशा वेळीं ‘असें लिहिलें आहे’ एवढें सांगून भागत नाहीं. कोणत्या ओळींत, कोणत्या हातानें, मूळचें कीं मागाहून घातलेलें, हें दाखवितां आलें पाहिजे. पुनः तोच सुरनिसाचा प्रश्न!

मावळच्या पावसांत घराच्या माळ्यावर ठेवलेले कागद कसे टिकत असतील याची कल्पना कोणासही करतां येईल. ओल, कसर आणि वाळवी यांस वतनदार आणि रयत यांच्यांतला भेद कळत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं असे रुमाल आहेत, त्यांनीं ते आधीं कोरड्या जागीं सुरक्षित करावे आणि त्यांचें छायाचित्रण करवून घ्यावें. छायाचित्र मजकुरापुरतें कापून घेऊं नये. समास, सांधा, पाठ व शिक्के यांसह कागदाच्या चारही कडा त्यांत आल्या पाहिजेत. ज्या संस्था हे कागद नव्यानें प्रसिद्ध करतील, त्यांनीं बालबोध लिप्यंतर अवश्य द्यावें, त्यावांचून सामान्य वाचकाची सोय होणार नाहीं. परंतु तें मूळ कागदाच्या ओळीस ओळ जुळवून द्यावें, शेजारीं मूळ पानाचें चित्र ठेवावें, आणि जेथें संपादकानें शब्द तोडून वाचला तेथें तशी खूण करावी. राजवाड्यांस हें करतां येण्यासारखें नव्हतें. आपणांस तें थोड्या खर्चांत करतां येतें.

कायम टिकणाऱ्या शब्दाला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतों. मावळच्या कारकुनाची रेघ दगडावरची नव्हती. ती कागदावरची होती, आणि कागदाचें आयुष्य किती हें त्यालाही ठाऊक होतें. म्हणूनच ती सरळ ओढण्याची, कडेपर्यंत नेण्याची आणि तिच्याखालीं कोणास शिरकाव मिळूं न देण्याची एवढी काळजी त्याच्या दफ्तरानें घेतली. त्याचें काम त्यानें चोख केलें आहे. त्या कागदाची नवी प्रत आपण करूं तेव्हां तींत अक्षराबरोबर ती रेघही उतरेल, एवढें पाहणें आपल्याकडे आलें आहे.